कुलवृत्तांताचे याचक आणि त्यांची हुकमी भाषा

मनुष्याला आपल्या पूर्वजांची आठवण नेमकी केव्हा होते, याचा शोध कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. पण आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसापुरते बोलायचे तर ती बहुधा सेवानिवृत्तीला दोनतीन वर्षे उरली असता होते. तोवर मुलांच्या शाळा, सरकारी घर आणि पुढच्या बदलीचे गाव यांतच आपले आयुष्य गुरफटलेले असते. मग एखाद्या सायंकाळी भुवनेश्वरात किंवा भोपाळात, कृष्णाकाठ केवळ नकाशावर पाहिलेला नातू विचारतो, "आजोबा, आपण मूळचे कुठले?" आणि आपल्या लक्षात येते की पणजोबांचे नावदेखील आपल्याला खात्रीने सांगता येत नाही. मन खट्टू होते. त्याच रात्री आपण पत्र लिहावयास बसतो. मोडी वाचणारे, जुनी दप्तरे धुंडाळणारे, कुणाकुणाचे कुलवृत्तांत तयार करून देणारे एक गृहस्थ पुण्यास, साताऱ्यास किंवा रत्नागिरीस असतात, असे कोणाकडून तरी ऐकलेले असते. त्यांचा पत्ता आपण मिळवतो.

येथवर सारे ठीक आहे. अनर्थाला आरंभ होतो तो पत्राच्या पहिल्या ओळीपासून; कारण कुतूहल घरचे असले तरी लेखणी कचेरीची असते. "आमच्या घराण्याची संपूर्ण वंशावळ, मूळ गाव, कुलदैवत व ऐतिहासिक कामगिरी यांची माहिती तातडीने कळवावी." तीन आठवड्यांत उत्तर आले नाही की स्मरणपत्र जाते. त्यानंतर दुसरे स्मरणपत्र जाते आणि त्यात "आपणाकडून अद्याप उत्तर न आल्याचे आश्चर्य वाटते" असा शेरा असतो. जणू ते गृहस्थ आपल्या हाताखालचे कारकून आहेत आणि आपल्या आजोबांचे नाव त्यांनी फायलीत दडवून ठेवले आहे!

हे लिहिताना मी कोणा तिऱ्हाइताची थट्टा करीत नाही. असे पत्र मी स्वतः लिहिलेले आहे, आणि त्याची हकीकत पुढे येणारच आहे. पण आपल्या वर्गाची ही खोड वैयक्तिक राहिलेली नसून तिने एक चांगले कार्य मोडकळीस आणले आहे, अशी माझी खात्री झाल्यामुळे चार शब्द कडक लिहिणे मला भाग आहे.

आपण ज्यांच्याकडे माहिती मागतो, ते लोक कोण, याचा विचार प्रथम करू. ते तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार ज्यांचा तो पिढीजात व्यवसाय आहे त्यांचा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पूर्वजांनी स्वतःच्या हाताने नावे लिहून ठेवलेली आढळतात. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी शेतकरी घराण्यांच्या वंशावळी सांभाळीत आणि वाचून दाखवीत आले आहेत. उपाध्यायाला दक्षिणा मिळते, हेळव्याला धान्य आणि वस्त्र मिळत आले. दुसरा प्रकार दप्तरखान्यांतील नोकरवर्गाचा. तेथे नियम आहेत, अर्जाचे नमुने आहेत, नकलेचे शुल्क आहे. तिसरा प्रकार मात्र निराळाच. हा मनुष्य शाळामास्तर असतो, बँकेतून निवृत्त झालेला असतो किंवा एखाद्या गावचा वैद्य असतो. त्याला हा नाद लागलेला असतो. तो दक्षिणा घेत नाही आणि त्याच्या दारावर शुल्काचा फलकही नाही. या तिसऱ्या माणसाशी कसे वागावे याची रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिलेली नाही, कारण त्यांच्या काळी असा मनुष्य क्वचितच होता. ती रीत आपणच घालावयाची होती. आपण काय केले? उपाध्यायाला दक्षिणा दिली, दप्तरखान्याला शुल्क दिले, आणि ज्याने काहीच मागितले नाही त्याला स्मरणपत्रे दिली.

त्याच्या कामाचे स्वरूप ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्या भाषेत उतावीळपणा येतो. म्हणून ते थोडे सांगितले पाहिजे. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढीत आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरे तिच्याखाली लावीत जात. शब्द कोठे संपला आणि कोठे सुरू झाला हे दाखवणारी मोकळी जागा सोडीत नसत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळीत नसत. शिवाय प्रत्येक लेखकाचे वळण निराळे. कागदावरील काळ ओळखणे हे आणखी एक प्रकरण आहे. एखाद्या पत्रावर "इहिदे सितैन मया व अलफ" असे असेल तर ते अरबी अंकांतील शुहूर सन ११६१ होय, हे आधी कळावे लागते. मग जून ते डिसेंबर या महिन्यांतील तारीख असेल तर ५९९ आणि जानेवारी ते मेमधील असेल तर ६०० मिळवून इसवी सन काढावा लागतो. म्हणजे हे पत्र पानिपताच्या वर्षातले, १७६०-६१ मधले, ठरते. दुसऱ्या कागदावर शालिवाहन शक असतो, तिसऱ्यावर फसली सन, चौथ्यावर १६७४ पासून मोजलेला राज्याभिषेक शक. आपण "जरा एवढे वाचून कळवावे" म्हणून जे पान पाठवतो, त्याला एका जाणत्या माणसाची पुरी संध्याकाळ लागू शकते.

त्यात नावांचा घोळ. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल जुनी. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि त्यांचे नातू बाळाजी बाजीराव हे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. पेशव्यांच्या बाबतीत कागद विपुल असल्यामुळे घोटाळा होत नाही. पण ज्या साध्या घरात एक पिढी सोडून तेच नाव पाच वेळा येते आणि कागद मात्र दोनच उरलेले असतात, तेथे हा कोणता बाळाजी हे कसे ठरवावे? आडनावांविषयी तर बोलावयासच नको. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही वतनाची नावे. ती गावोगाव आणि परगणोपरगणी आहेत. "कुलकर्णी घराण्याचा इतिहास पाठवावा" असे लिहिणे म्हणजे "हिंदुस्थानातील सर्व स्टेशनमास्तरांचा वृत्तांत पाठवावा" असे लिहिण्यासारखेच आहे. आणि तरीही अशी पत्रे जातात, गाव, गोत्र, कुलदैवत यांपैकी एकाचाही उल्लेख न करता जातात.

आता माझी हकीकत. १९९१ साली मी ईशान्येकडे नोकरीस असताना आमच्या जुन्या घरातून चुलत्यांनी एक कागदांचे बोचके माझ्याकडे धाडले. एका स्नेह्याने कोकणातील एका निवृत्त शिक्षकांचे नाव सुचविले. त्यांचे नाव मी येथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. मी त्यांना सतरा कागद पाठविले, सोबत पत्र पाठविले, आणि पत्रात "महिनाअखेर" अशी मुदत घातली. परतीच्या टपालाचा खर्च ठेवण्याचे मला सुचले नाही. महिना गेला. मी स्मरणपत्र लिहिले, मग दुसरे लिहिले, आणि तिसऱ्यात "आपणास शक्य नसल्यास कागद परत करावेत" असे लिहून माझ्या मते फार मुत्सद्दीपणा केला.

कागद परत आले. प्रत्येक कागदाचे बालबोध लिप्यंतर, कठीण शब्दांचे अर्थ, तारखांचे हिशेब, सगळे सुवाच्य अक्षरात होते. मात्र शेवटच्या तीन कागदांच्या लिप्यंतराचे अक्षर निराळे होते. सोबत एक पोस्टकार्ड होते. "विलंबाची क्षमा असावी. मोतीबिंदूमुळे एका डोळ्याने वाचावे लागले. शेवटचे तीन कागद मी वाचून सांगितले आणि सुनेने लिहून घेतले." एवढेच. टपालाच्या खर्चाचा उल्लेखही नव्हता. मी आभाराचे पत्र लिहावयाचे ठरविले; पण त्या आठवड्यात बदलीचा हुकूम आला, मग सामान बांधणे आले, मग नवे गाव आले. दीड वर्षाने मला आणखी एका कागदाविषयी शंका आली, तेव्हा मी त्यांना दुसरे पत्र लिहिले. ते मला गरज होती म्हणून लिहिले, आभारासाठी नव्हे. उत्तर त्यांच्या सुनेचे आले. गुरुजी सहा महिन्यांपूर्वी वारले होते.

त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांनी एवढेच विचारले होते की, मामंजींकडे निरनिराळ्या लोकांचे कागद अजून पडून आहेत, ज्यांची पत्रे सोबत नाहीत ते कोणाकडे पाठवावेत? म्हणजे लोकांनी कागद पाठविले होते, आणि स्वतःचा पूर्ण पत्ता देण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

या लेखावर आक्षेप येतील हे मी जाणतो. त्यांतले तीन मुख्य आहेत; त्यांचा परामर्श घेतो.

कोणी म्हणेल, "या लोकांनी हे काम आपण होऊन अंगावर घेतले आहे. न झेपले तर सोडावे. त्यात आमचा काय अपराध?" हा युक्तिवाद पाणपोई घालणाऱ्याच्या दारात भांडे आपटणाऱ्या वाटसरूचा आहे. पाणपोई घालणाऱ्याने पाणी देऊ केले. आपले भांडे विसळून देण्याचे, रांग मोडू देण्याचे किंवा शिव्या ऐकून घेण्याचे त्याने कबूल केलेले नाही. स्वेच्छेने केलेल्या कामाची मर्यादा करणारा ठरवतो, मागणारा नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, इतिहासाची साधने ही समाजाची मालमत्ता आहे, ती कोणी अडवून ठेवू नये. हे तत्त्व मला शंभर हिश्शांनी मान्य आहे. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून घरोघरची दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडांनी छापून काढली, ती याच भावनेने. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही याच भावनेने. पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतर पंचेचाळीस खंड निवडून प्रसिद्ध केले. पण कागद समाजाचा असला म्हणून तो वाचणाऱ्याची दृष्टी समाजाची होत नाही. साधन खुले असणे आणि दुसऱ्याचा वेळ फुकट असणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ज्यांना साधनांच्या खुलेपणाचा एवढा कैवार आहे, त्यांनी मोडी शिकावी. वाट मोकळी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड, आणि म्हणून सर्वांत घातक. "आपल्याच माणसाशी इतकी औपचारिकता कशाला?" आपण मुलखाबाहेर राहणारी माणसे 'आपला माणूस' या शब्दांवर फार विसंबतो. परगावी मराठी पाटी दिसली की आपण आत शिरतो, आणि आपल्याला चहा मिळतो. त्या आपुलकीचे मोल मी जाणतो. तिच्यावाचून आपली परगावची वर्षे सुनी गेली असती. परंतु जो खरोखर आपला माणूस असतो, त्याच्या प्रकृतीची चौकशी आपण आधी करतो आणि काम मागाहून सांगतो. परक्या कचेरीला लिहिताना नियम आणि पत्ता तपासावयाचा, आणि 'आपल्या' माणसाला लिहिताना मात्र काही तपासावयाचे नाही, याला आपुलकी म्हणत नाहीत. ही आपुलकीच्या नावाने घेतलेली वेठबिगार आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की दुसऱ्या बाजूलाही सगळेच गुरुजी नसतात. अंदाजाला निश्चितीचे रूप देणारे, लोकांचे कागद वर्षानुवर्षे परत न करणारे, एखाद्या घराण्याला खूश करण्यासाठी पदरचा सरदार घालणारे लोकही या क्षेत्रात आहेत. पण त्यांना वाढवले कोणी? आपणच. एखाद्या प्रामाणिक वाचकाने कळवावे की, तुमचे पूर्वज सेनापती नव्हते, हिशेबात चूक सापडल्यामुळे कामावरून दूर केलेले कारकून होते, किंवा तुमची शाखा दत्तकाकडून आलेली आहे, आणि आपण त्याच्यावर रागवावे, पुढचा पत्रव्यवहार बंद करावा, हा प्रकार माझ्या माहितीत एकदा नव्हे, तीनदा घडला आहे. सत्य सांगणाऱ्याला अबोला आणि खोटे सांगणाऱ्याला शाल, असा व्यवहार चालू ठेवल्यावर बाजारात काय उरेल? ज्यांना केवळ गौरवच हवा असेल त्यांनी तंजावरच्या सरफोजी राजांप्रमाणे करावे. त्यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. पण त्यासाठी भिंतही त्यांच्या राज्यातली होती आणि खर्चही त्यांचाच होता.

मग करावे काय? उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण चुका करून जे शिकलो ते सांगण्याचा आहे.

पत्र लिहिण्यापूर्वी घर शोधावे. ज्या घरांत श्राद्धाची परंपरा आहे तेथे बापाकडच्या तीन पिढ्यांची आणि आईकडच्या तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारली जातात. ती आधी लिहून काढावीत. जन्मपत्रिका, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, सातबाराचे उतारे, जुन्या छायाचित्रांच्या पाठीवरील मजकूर, हे सारे पाहावे. मुख्य म्हणजे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. दप्तरांतून "अमुक कोम तमुक" एवढ्याच ओळखीने ज्या राहिल्या आणि पुष्कळदा तेवढ्यानेही राहिल्या नाहीत, त्या स्त्रियांची माहेरची नावे, गावे आणि नाती आत्या-मावश्यांनाच ठाऊक असतात. त्या गेल्या की ती माहिती कोणत्याही दप्तरात मिळणार नाही.

मग पत्र लिहावे, आणि त्यात एकच प्रश्न विचारावा. आपल्याला काय ठाऊक आहे, ते कशावरून, आणि कोठे कोठे शोधून झाले, हे आधी सांगावे. मूळ कागद टपालात घालू नये; आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे, त्यावर दोन्ही बाजूंची, समासासह, स्वच्छ उजेडात छायाचित्रे घ्यावीत. नकलेचा, प्रवासाचा, टपालाचा खर्च किती येईल हे आपण विचारावे. समोरच्याला मागावयास लावू नये. मुदत घालू नये. जात पडताळणीसारखे मुदतीचे काम असेल तर तसे मोकळेपणी सांगावे, आणि ते उपकारावर न सोपविता रीतसर मोबदला देऊन करून घ्यावे. २०२३ साली महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी जाणणारे किती थोडे उरले आहेत हे सरकारसकट सर्वांना कळून चुकले. त्या थोड्यांवर आणखी ओझे टाकताना हात थोडा आखडावा. त्यांचा पत्ता त्यांना न विचारता दहा भाऊबंदांत वाटू नये.

उत्तर आले की त्याच दिवशी पोच द्यावी. "काही सापडले नाही" हेही उत्तरच आहे आणि त्यामागेही तितकेच श्रम आहेत. त्याचेही तितकेच आभार मानावेत. पुढे कुलवृत्तांत छापला तर त्यांचे नाव घालावे, एक प्रत त्यांना पाठवावी, आणि हयात माणसांची खाजगी माहिती त्यांच्या संमतीवाचून छापू नये.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण केवळ मागणारेच का असावे? आपण काशीत असतो, ग्वाल्हेरीत असतो, तंजावरात असतो, झाशीत असतो. पुण्यातील माणसाला जेथे जाण्यासाठी रजा आणि भाडे लागते, तेथे आपण रविवारी सकाळी पायी जाऊ शकतो. एखाद्या अपरिचिताने विनंती केली तर घाटावर जाऊन वही पाहणे, एखाद्या समाधीवरील लेख उतरवून घेणे, स्थानिक भाषेतील एखादा दाखला समजावून सांगणे, हे आपल्याला सहज जमण्यासारखे आहे. ज्याने असे एक काम दुसऱ्यासाठी केले आहे, त्याच्या पत्रात "तातडीने कळवावे" हे शब्द पुन्हा येणार नाहीत, अशी माझी खात्री आहे. कारण एक नाव शोधण्यात किती वेळ जातो हे त्याला कळलेले असेल.

गुरुजींच्या सुनेला मी तेव्हा उत्तर लिहिले, आणि बेवारशी कागदांची यादी मागवून घेतली. त्यात बारा घराण्यांचे कागद होते. पुढच्या सहा वर्षांत, तीन बदल्यांच्या गावांहून पत्रव्यवहार करून, त्यांपैकी नऊ घराण्यांना ते पोचते करता आले. हा माझा मोठेपणा म्हणून सांगत नाही. न लिहिलेल्या एका आभारपत्राचे हे व्याज होते, मुद्दल अजून बाकीच आहे. उरलेल्या तीन गठ्ठ्यांवर पाठविणाऱ्याचे नाव नाही, गाव नाही, काही नाही. ते माझ्या कपाटात आहेत. त्यांचे मालक कदाचित हा अंक वाचीत असतील, आणि कोकणातल्या कोणा मास्तराने आपले कागद बुडविले असे चारचौघांत सांगतही असतील. त्यांनी तसे सांगणे थांबवावे आणि कागद घेऊन जावेत. येताना गुरुजींच्या नावाने चार ओळी लिहून आणाव्यात. त्यांच्या सूनबाई अजून हयात आहेत, आणि आलेली पत्रे त्या जपून ठेवतात.